शेजारी जाणारा हंडा

सन तीसनंतरची वर्षे, गावोगाव सभांचे दिवस. मी माडी पिणे सोडून चार महिने झाले तेव्हा दारूबंदीवाल्यांनी चावडीसमोर सभा भरवली आणि मला हार घातला. अध्यक्ष म्हसळ्याहून बैलगाडीने आले होते. माझा उद्धार झाला असे त्यांनी तीनदा सांगितले, मध्ये एक लांबलचक संस्कृत श्लोकही म्हटला. मी मान खाली घालून ऐकत होतो. हारातल्या मुंग्या मानेवर चढत होत्या.

घरी आलो तर दिवेलागण झालेली. माझ्या मुलीने तांब्याचा हंडा कमरेवर घेतला आणि रोजच्यासारखी शेजारच्या काकूंकडे ठेवायला निघाली. पूर्वी मी घरातली दोन भांडी माडीपायी विकली होती, तेव्हापासूनची ही पद्धत. सकाळी हंडा परत येई. उद्धाराची बातमी तिच्यापर्यंत पोचलेली दिसत नव्हती. अध्यक्ष मला तासाभरापासून ओळखत होते, मुलगी बारा वर्षांपासून. कोणाचे खरे मानावे, मला कळेना.

पुढच्या आठवड्यात ती तापाने पडली. बायको तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. दिवा लागला तरी हंडा जागीच. बायकोला आणखी घोर नको म्हणून मीच तो खांद्यावर घेतला आणि मागच्या दाराने निघालो. संध्याकाळच्या वेळी मला हंड्यासकट पाहून कोणाला काय वाटेल, हे डोक्यातच आले नाही.

कुंपणाशी पोचतो तोच बायको धावत आली, हातात ओली पट्टी तशीच.

"कुठं निघालात?"

"काकूंकडे. ठेवायला."

"तुमच्यापासून लपवायचा हंडा तुम्हीच पोचवताय?"

पलीकडून काकू म्हणाल्या, "व्हय गो, रोज पोरगी आणते, आज धनी स्वतः आलेत. हंड्याचा मान वाढला."

बायकोने हंड्याचा काठ धरला. मीही सोडला नव्हता. ती हसली की रडली, अंधारात दिसले नाही.

"आत न्या," ती शेवटी म्हणाली. "पोरीसाठी पाणी तापवायचंय."

तीन दिवस हंडा चुलीपाशी राहिला. चौथ्या दिवशी ताप उतरला. दिवेलागणीला मुलीने उठून हंड्याकडे पाहिले, मग आईकडे.

"राहू दे," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

मला अध्यक्षांच्या श्लोकाने झाला नव्हता एवढा आनंद झाला. जेवणे झाल्यावर बायकोने आपले अंथरूण नेहमीच्या जागेवरून उचलले आणि हंड्याशेजारी घातले. तो विश्वास होता की पहारा, मी विचारले नाही.