फेटा खाल्लेला ट्रक

जुन्या गाड्या दुरुस्त करणं हा शांत, सात्त्विक छंद आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझा डावा अंगठा येऊन पाहावा. तो पंख्याच्या पट्ट्यात गेला होता. उजवं मनगट एका जीपच्या हँडलनं मोडलं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो, हे मला मनगट मोडल्यावर समजलं. एकदा ट्रकच्या चाकात हवा भरत होतो, तर चाकाच्या कडेची लोखंडी कडी सुटली, माझ्या कानाला चाटून गेली आणि शेडच्या पत्र्याला भोक पाडून पसार झाली. त्या भोकातून अजून सकाळचं ऊन येतं. मी त्याला रोज नमस्कार करतो.

नोकरी माझी सरकारी कचेरीत. तिथं इतक्या वर्षांत मला टाचणीसुद्धा टोचली नाही. म्हणून तर रविवार गाड्यांना दिला. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी माणसाच्या जिवावर उठलं पाहिजे, त्याशिवाय जेवण गोड लागत नाही.

पण माझ्या हातून घडलेली सर्वांत सुंदर मारामारी मला अजिबात लागली नाही. ती माझ्या दोन मामांची. तेव्हा मी तिशीत होतो.

मामांचं घर हर्सूलच्या रस्त्याला. आजोबा, म्हणजे आबा, गेल्यावर वाटण्या झाल्या. शेत वाटलं, म्हशी वाटल्या, घराच्या मधून भिंत घातली. राहिला आबांचा जुना ट्रक. ट्रक काही मधोमध कापता येत नाही. थोरल्या मामांना मात्र येतो असं वाटत होतं.

त्या ट्रकवर दोघं भाऊ वाढले होते. फर्दापूरच्या बाजूचा कापूस आणि मका भरून आबा शहरात आणायचे. आधी दोघंही क्लीनर, पुढं धाकटे मामा ड्रायव्हर झाले. आबांची शिकवण्याची पद्धत साधी होती. इंजिनाला हवा गाळून देणारा एक डबा असतो, त्याच्या तळाशी वाटीभर तेल घालावं लागतं, म्हणजे धूळ तेलात बसते. हे तेल घालायला क्लीनर विसरला, तर आबा त्याच्या पाठीत टायरची पट्टी घालायचे. थोरल्या मामांच्या पाठीवर ते वळ लग्नातल्या हळदीतही दिसले होते, असं आई सांगते.

वाटणीच्या दिवशी ट्रकवरून बोलाचाली झाली. धाकट्यानं चाकाच्या पान्यानं थोरल्याचा पुढचा दात पाडला. थोरल्यानं पहारीच्या दांड्यानं धाकट्याच्या बरगड्या मोडल्या. एक दवाखान्यात तोंड बांधून, दुसरा छाती बांधून, शेजारशेजारच्या खाटांवर. तेव्हापासून बोलणं बंद. ट्रक अंगणात लिंबाखाली उभा राहिला. त्याच्यात उंदीर झाले, उंदरांमागं साप आले.

धाकटे मामा दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागले. मालक लोक त्यांना अरेतुरे करायचे. एकदा माझ्या शेडमध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "भाच्या, लोकाच्या गाडीचं स्टिअरिंग धरलं का असं वाटतं, लोकाच्या बायकोचा हात धरला. माझी गाडी मला चालू करून दे. नाय तर मी मेलो बघ."

शेवटी भावकीनं बसून निवाडा केला. दसऱ्याच्या दिवशी, सोनं लुटायच्या आत, ट्रक स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर गेला तर धाकट्याचा. नाही गेला तर दुसऱ्या दिवशी गॅसकटरनं कापायचा आणि लोखंड निम्मं निम्मं. थोरले मामा सगळ्यांदेखत मांडी थोपटून म्हणाले, "कापायचाच हाय. मी सवता कापीन."

मी कामाला लागलो. काय सांगू तो आनंद! उंदरांची घरटी पेटवून दिली. गंजलेले नट छिन्नी लावून घणानं उडवले. एक नट माझ्या चष्म्याची काच घेऊन गेला. डिझेलचा पंप जाम होता, त्याला केरोसीन पाजून, ठोकून, शिव्या घालून सोडवला. पार्ट आणायचे शहागंजातून, एका म्हाताऱ्या भंगारवाल्या चाचांकडून. चाचांनी सारे पार्ट काढून दिले आणि वर हसून सांगितलं, "मियाँ, तुम्हारे बडे मामू ने कटर लेके मेरेकूच बुलाया. चालू हुआ तो मेरे पार्ट का नाम, नै हुआ तो मेरा लोहा. अपनेकू दोनों तरफ से ईद है."

मामांचं बोलणं बंद होतं, पण भांडण माझ्यामार्फत चालू होतं. मी बॉनेटमध्ये डोकं घालून, दोन मामा दोन बाजूंना.

"भाच्या, त्याला सांग, फुकट घाम गाळायलास म्हणावं."

"भाच्या, त्याला सांग, दात नाय त्यानं जास्ती बोलू नये."

"सांग त्याला, बरगड्या अजून शिल्लक हायेत तुझ्या."

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मामानं भाच्याला मारलं की म्हातारपणी मामाचे हात कापतात, असं आमच्याकडं मानतात. हे शास्त्र कुणी लिहिलं माहीत नाही, पण लिहिणारा भाचा असणार. त्या कामाच्या दिवसांत मी दोघांनाही काय काय बोललो, आणि दोघंही मुठी आवळून उभे राहिले!

दसरा उजाडला. आदल्या दिवशी खंडेनवमीला थोरल्या मामींनी माझे सगळे पाने, हातोडे, पकडी गोळा करून पाटावर मांडल्या होत्या. हळदकुंकू, झेंडूची फुलं, वर हात न लावण्याची ताकीद. ट्रकला माळा घातल्या. भावकी जमली. चाचा उद्याच्या कापणीसाठी आजच हातगाडीवर गॅसचं नळकांडं घेऊन आले आणि सणाचा दिवस म्हणून त्याला कुणीतरी हळदकुंकूही लावलं. थोरले मामा गुलमंडीवरून आणलेला कोरा करकरीत फेटा बांधून बॉनेटपाशी उभे. जणू मेलेल्याच्या उशाशी.

शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून तारा जोडल्या. धाकटे मामा कॅबिनमध्ये चढले, स्टिअरिंगच्या पाया पडले आणि सेल्फ मारला. इंजिन खोकलं, थुंकलं, धाडकन पेटलं. नारळ फुटला. भावकी टाळ्या वाजवायला लागली. माझी छाती रेडिएटरएवढी झाली.

तेवढ्यात मला भज्यांचा वास आला. मला वाटलं, मामींनी तळण घातलं.

मग इंजिनाचा आवाज चढला. ॲक्सिलरेटरवर मामांचा पाय नव्हता, तरी चढतच गेला. ट्रक थडथड उडायला लागला. पांढऱ्या धुराचा लोट उठला. माळा तुटल्या, झेंडू छर्ऱ्यासारखे उडाले. एका दिव्याची काच फुटली. सायलेन्सर निखळून अंगणातून कोंबडीमागं धावल्यासारखा गेला आणि मग जो आवाज झाला, तो शंभर रेडे एकदम कापल्यासारखा.

"बंद करा!" मी ओरडलो.

धाकट्या मामांनी डिझेल तोडून इंजिन बंद करायची केबल ओढली. केबल टोकापर्यंत आली, पण इंजिन बंद झालं नाही. "भाच्या, ही ऐकंना! डिझेल तोडलं तरी पळायली!"

मी ओळखलं. ही डिझेलवर पळत नव्हती. तिला कुठून तरी तेल मिळत होतं आणि ते पिऊन ती पिसाळली होती. गिअरात टाकून ब्रेक दाबावा तर पुढं अख्खी भावकी. अशा वेळी एकच इलाज, तिचा गळा दाबायचा. हवा तोडायची. नाहीतर आतले दांडे इंजिन फोडून बाहेर येतात आणि समोर जो असेल त्याच्या पोटात जातात.

"भागो, फटता है!" म्हणत चाचा भिंतीवरून पलीकडं पडले. पंच पळाले. निवाडा करणारे सगळ्यात पुढं. फक्त थोरले मामा जागचे हलले नाहीत. बॉनेटला हात लावून, पुढचा दात नसलेलं तोंड उघडं टाकून ते त्या इंजिनाकडं बघत होते.

मी आजूबाजूला पाहिलं. पोतं नाही, चिंधी नाही. होतं ते मामांच्या डोक्यावर.

भर दसऱ्याला, भावकीसमोर, मी थोरल्या मामांचा फेटा हिसकला आणि हवेच्या डब्याच्या तोंडात कोंबला. इंजिनानं तो गिळायला सुरुवात केली. हातभर गेला, दोन हात गेला, माझी बोटं जाता जाता राहिली. मी छातीनं दाबून धरला. ट्रकनं एक हुंदका दिला, मला उडवून मातीत फेकलं आणि मेला.

अंगणात अशी शांतता पसरली की फुटलेल्या नारळाचं पाणी वाहताना ऐकू यावं.

थोरले मामा बोडके उभे होते. ज्या माणसाच्या फेट्याकडं कुणी नजर वर करून बघत नव्हतं, त्याच्या डोक्याला भाच्यानं हात घातला होता. ते माझ्याकडं आले. माझी कॉलर धरून उचललं. हात वर गेला. आणि तिथंच थांबला. मी जमेल तेवढा भाच्यासारखा चेहरा केला.

"तुला मारता येत नाय," ते दात खात, म्हणजे उरलेले दात खात, म्हणाले, "पण तुझ्या वाटणीचं देणं कुणाला तरी द्यावंच लागंल."

आणि वळून त्यांनी कॅबिनमधून उतरणाऱ्या धाकट्या मामांच्या कानाखाली असा आवाज काढला की लिंबावरचे पोपट उडाले.

मग काय! धाकट्यानं डोकं खाली घालून थोरल्याच्या पोटात मुसंडी मारली. दोघं रांगोळीवर पडले. थोरल्यानं धाकट्याचा कान चावला. धाकट्यानं मुठीत माती घेऊन थोरल्याच्या नाकात घातली. रक्त, गुलाल, झेंडू सगळं एक झालं. वर्षानुवर्षांचं मुकेपण फुटलं.

"माझी गाडी मारलीस तू! काय घातलंस तिच्यात?"

"मी कामून घालीन? मला तर कापायची हाय!"

"मंग काप! आधी मला काप!" असं म्हणून धाकट्या मामांनी पाटावरचा घण उचलला. थोरल्यांनी पहार. मी मध्ये गेलो. माझा उपयोग असा, की मला दोघंही मारू शकत नव्हते. पण घण शास्त्र पाळत नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा तो माझ्या डोक्यावर होता.

"अवो!"

थोरल्या मामी दारात उभ्या. हातात रिकामा डबा. "माझं करडईचं तेल कोणी नेलं? काल रात्री भरलेला डबा होता. सणाचं तळण काय पाण्यात करू?"

भज्यांचा वास! मी घणाखालून निसटलो, बॉनेटवर चढलो आणि हवेच्या डब्याची तळवाटी उघडली. वाटीभर तेल हवं तिथं, एवढं पळूनही ती जवळजवळ काठोकाठ. खाली काळं इंजिनाचं तेल, त्यावर पिवळंधमक करडईचं. जास्तीचं तेल इंजिनानं ओढलं होतं आणि तेच पिऊन ती पळाली होती.

"काळं कुणी घातलं?" मी विचारलं.

"मी. काल सांजच्याला," धाकटे मामा म्हणाले. घण अजून वरच. "आबांचा नियम हाय."

"आणि करडईचं?"

थोरल्या मामांच्या नाकातून माती आणि रक्त गळत होतं. त्यांनी पहार खाली ठेवली.

"हा इसरतो," ते म्हणाले. "पयल्यापासून इसरतो. म्हनलं, कोरडी चालू केली तर इंजिन खराब होईल. सणाच्या पहाटं दुकान कुठं उघडं राहतं?"

"विचारायचं मला," धाकटे म्हणाले.

"बोलणं बंद होतं ना रे, रताळ्या!"

घण खाली आला, पण जमिनीवर.

मी वाटी रिकामी केली, पुसली, तेल बरोबर घातलं, फेट्याचे बोळे ओढून काढले. सेल्फ मारला, तर ट्रकच्या बॅटरीनं जीव सोडलेला, आणि ट्रॅक्टर शिलंगणाला निघून गेलेला. हे सगळं उरकेपर्यंत सूर्य लिंबाच्या बुडख्याला टेकला. फाटकाकडं थोडा उतार होता. धक्का मारायचा एवढंच उरलं. धाकटे कॅबिनमध्ये बसले. मी, भावकीतले चार जण, भिंतीवरून परत आलेले चाचा, आणि सगळ्यात मधे, बोडके, रक्ताळलेले थोरले मामा. त्यांनी खांदा लावला आणि आबांच्या नावानं अशी आरोळी ठोकली की तीच शिवी वाटावी.

ट्रक हलला. फाटक जवळ आलं. इंजिन गपगार. पुढची चाकं बाहेर गेली, मागची गेली, रस्ता आला, आणि तेव्हा कुठं धडाड करून पेटलं. यावेळी शहाण्यासारखं, एका तालात.

भावकी फाटकाकडं बघायला लागली. निवाडा होता, स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर. कॅबिनमधून धाकट्या मामांनी मागं पाहिलं. चेहरा राखेसारखा.

"आत पेटला," थोरले मामा म्हणाले.

"नै जी," चाचा धापा टाकत म्हणाले, "मैं पीछेच था, बाहर आने के बाद..."

थोरल्या मामांनी पहार उचलली. "फाटकाच्या आत पेटला. कोणी पाह्यलं नाय का?"

"अंदरच, जी," चाचा म्हणाले. "हौ. बिल्कुल अंदर." पंचांनीही माना हलवल्या. पहार चांगली जाड होती.

धाकट्या मामांनी गाडीचा भोंगा दाबला. भोंगा वाजला नाही, तो मी दुरुस्त केलेला नव्हता. मग ते नुसतेच रडले आणि ट्रक रस्त्यानं निघाला.

थोरले मामा माझ्याकडं वळले. "फेटा."

मी तो काळा, तेलकट, अर्धा चावलेला गोळा पुढं केला. त्यांनी त्याला पीळ दिला, हातात तोलून पाहिला आणि सणसणून माझ्या पाठीत घातला. तेलाचा वळ महिनाभर राहिला.

"हातानं मारलं का हात कापतात," ते म्हणाले आणि दुसरा घातला. "फेट्याचं शास्त्रात काय लिव्हलेलं नाय."