निवडुंगाचा आडोसा

आमचे बाबा ठाण्याला वकिली करत आणि म्युनिसिपालिटीचे मेंबर होते. कोलशेतकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेव्हा फड्या निवडुंग नुसता माजला होता. हे झाड मुळात आपल्या मुलखातलं नव्हेच, कुणी हौसेनं कुंपणाला लावलं आणि त्यानं गायरान गिळलं, असं बाबा येईल त्याला ऐकवत. गुरांच्या तोंडात काटे मोडत, सापांचा तर सुळसुळाट. बाबांनी सभेत भांडून तो काढायचा ठराव करून घेतला. मग स्वतः उन्हात उभे राहून मुळासकट खणवला, कारण एक फडा मातीत राहिला तरी पुन्हा फुटतो. वाळवून जाळला, तेव्हा आमच्या दांडीवरच्या लुगड्यांनाही धुराचा वास लागला.

मी त्या वेळी माहेरपणाला आले होते. आमच्याकडे भात सडायला मिठागराच्या वस्तीतली एक बाई येई. मुसळ थांबवून तिनं आईला हळूच विचारलं, "बाय, आता आमी जावाचा कुठं?"

त्या वस्तीत कुणाच्याच घरी संडास नव्हता. पहाटे आणि तिन्हीसांजेला साऱ्या बायका निवडुंगाच्या आड बसत. आमचा संडास परसात, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आई म्हणाली, "असला विषय पुरुषांपुढे कसा काढायचा गं?" आणि तिनं तो काढला नाही. त्या बाईकडे बघायची मला चोरी झाली.

पुढे एकदा बाबा मला मोकळं झालेलं गायरान दाखवायला बैलगाडीतून घेऊन गेले. परतताना दिवेलागण झाली. रस्त्याकडेला उघड्यावर बायका एकेक करून उठून उभ्या राहू लागल्या, तोंडावर पदर ओढून. बाबांची नजर अधू. ते अगदी भरून पावले. त्यांनी हात जोडले.

"पाहिलंस? गरिबाला केल्याची जाण असते."

माझे कान तापले. मला बाबांची लाज वाटली, आणि बापाची लाज वाटते याचीही वाटली. राहवेना, तेव्हा मी म्हणाले, "बाबा, त्या बसल्या होत्या. आपली गाडी आली म्हणून उठल्या. आडोसा राहिला नाही ना आता."

बाबांनी हात खाली घेतले. माझ्याकडे न बघता गाडीवानाला म्हणाले, "अरे, हाक लवकर!"

त्यानं बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. आम्ही दोघं खाली बघत बसलो. गाडी धावली, तरी तिच्या आवाजासरशी पुढे बायका उठतच होत्या.