एडिसनच्या काकू आणि आर्मेनियाचे नखरार

भांडण कुणाचंही असो, काकू ते आर्मेनियात नेऊन सोडवायच्या. काकू मूळच्या साताऱ्याच्या, राहायला अमेरिकेतल्या एडिसन गावी, डॉक्टरांची बायको. पण शेजारच्या आर्मेनियन आजींकडे कॉफीला जाता जाता त्यांनी तिथला दीड हजार वर्षांपूर्वीचा इतिहास पाठ केला होता. तिथल्या सरदार घराण्यांना नखरार म्हणत. "नावातच नखरे!" म्हणून काकू खुदकन हसायच्या.

प्रत्येक नखराराचा एकेक पिढीजात मान. मामिकोनियनांकडे सेनापतिपद, बाग्रातुनींकडे राजाला मुकुट घालण्याचा हक्क. "आणि हे आमच्या घरातले बाग्रातुनी," असं म्हणत काकू डॉक्टरांकडे बोट दाखवायच्या. कारण आमच्या तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मुकुट दरवर्षी डॉक्टरच घालायचे. मूर्ती त्यांनी पुण्याहून आणली होती ना!

मी तेव्हा नुकताच आलेला विद्यार्थी, पत्रकं वाचत वाढलेला. ही सरंजामशाही मला सोसेना. ती चालवून घेणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांविरुद्ध 'अध्यक्ष हटवा, मंडळ वाचवा!' असं पत्रक लिहिलं आणि मंडळाच्या हॉलच्या पार्किंग लॉटमधल्या प्रत्येक गाडीच्या वायपरखाली खोचलं.

काकूंनी घरी बोलावलं. पत्रकातले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनने सुधारून ठेवलेले.

"भाषा जहाल आहे, छान! पण अरे, आमचा राजा काढा म्हणून नखरारच इराणच्या शहाकडे गेले होते. राजा गेला, नखरार राहिले. अध्यक्ष काय, बदलतोच. तुझं भांडण मुकुटाशी आहे ना?"

"पण काकू, डॉक्टरकाका सोडतील?"

"ते माझ्याकडे लागलं."

गणपतीच्या दिवशी डॉक्टरांनी सवयीने हात पुढे केला. मुकुट काकूंच्या मांडीवर होता.

"यंदा बाग्रातुनी व्हेकेशनवर," म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला. डॉक्टरांचा चेहरा पडला. मी घाईघाईने मुकुट चढवला.

"अरे, वाकडा बसलाय!" डॉक्टर न राहवून म्हणाले.

"नखरार गेले की पहिल्या वर्षी वाकडाच बसतो," काकू म्हणाल्या. सगळ्यांत मोठ्याने डॉक्टरच हसले.

पुढच्या वर्षी मी इस्त्रीचा झब्बा घालून वेळेआधीच मूर्तीशेजारी उभा राहिलो. काकूंनी मुकुट उचलला आणि त्याच महिन्यात भारतातून आलेल्या एका मुलीला दिला. माझे पुढे झालेले हात तसेच राहिले.

"काय नखरार," काकू हळूच म्हणाल्या, "एका वर्षात घराणं उभं केलंस होय?"

आता काकू आणि डॉक्टर मुलीकडे, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला राहायला गेलेत. मी अजून पत्रकं लिहितो, तितकीच जहाल. फक्त वाटायला निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासतो: ऱ्हस्व-दीर्घ, आणि अंगात इस्त्रीचा झब्बा तर नाही ना.