बाहीतली बांगडी

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. चिंचवड स्टेशनाजवळच्या एका छोट्या औषधाच्या कारखान्यात मी इंजेक्शनच्या बाटल्यांत पूड भरायला होते. नवरा पुण्याच्या इस्पितळात न्यूमोनियाने पडलेला, घरात मिळवती मी एकटीच. सातवी झालेली म्हणून नोकरी मिळाली होती, आणि त्याची मला घमेंडही होती.

आमच्या सुपरवायझर बाई पुण्याच्या. काच फुटली की हात वर करून "ब्रेक!" असं ओरडायचं, हा त्यांचा नियम. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थही त्यांनी शिकवला. काच फुटली तरी ब्रेक, चहाला काम थांबलं तरी ब्रेक, दिलेला शब्द मोडला तरी ब्रेक आणि माणूस मनाने खचला तरी ब्रेकच. मला हसू आलं. गोऱ्या साहेबाचा सगळा संसार एका क्रियापदात उरकत होता, आणि आमच्याकडे बांगडी फुटली तरी तसं म्हणायची सोय नव्हती. 'वाढली' म्हणायचं. 'फुटली' म्हटलं की नवऱ्याच्या जिवावर बेततं, असं सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं.

दुसरा नियम, हातात बांगड्या नकोत. मी त्या काढून डब्यात ठेवायचे. पण नवरा तापाने फणफणलेला असताना दोन्ही हात मोकळे ठेवायचं माझं धाडस होईना. एक हिरवी बांगडी मनगटाच्या वर सरकवून, तिला चिंधी गुंडाळून मी कारखान्याच्या कोटाच्या बाहीत लपवली.

एका दुपारी ट्रे ओढताना हात टेबलाच्या कडेवर आपटला. बाहीत कट् आवाज झाला. चाचपून पाहिलं, तर दोन तुकडे चिंधीत होते. जुळवले तर मधे फट राहत होती, आणि तिसरा तुकडा हाताला लागेना. बाही ढगळ, आणि समोर उघड्या तोंडाच्या बाटल्यांचा अख्खा ट्रे.

बोलले तर नोकरी जाणार. गप्प बसले तर कुणाच्या तरी दंडात माझी काच जाणार. आमचा माल नवऱ्याच्या इस्पितळातही जायचा.

हात वर केला. "ब्रेक!"

बाई धावत आल्या. "काय फुटलं?"

"बांगडी."

"बांगडी? तुझ्या हातात? काय झालं तिचं, नीट सांग!"

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या.

"फुटली," मी म्हणाले. तो शब्द लग्नानंतर पहिल्यांदाच तोंडातून निघाला, आणि मला रडू फुटलं.

बाईंनी सगळा ट्रे फेकून दिला. खोली झाडली, माझा कोट उलटा केला. तुकडा सापडला नाही. नोकरी वाचली, पण दुसऱ्या दिवसापासून मला लेबलं चिकटवायला बसवलं.

त्या संध्याकाळी सुट्टी होताच तशीच गाडीने पुण्याला गेले. जिना चढताना सारखं वाटत होतं, खाट रिकामी असेल. नवरा होता. धापा टाकत होता, पण होता. माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "बांगड्या कुठं गं?"

"डब्यात हायत," मी म्हणाले.

तेवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली. मी तिच्याकडून बाटली मागून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरून फिरवत राहिले.

"काय बघताय बाई? कारखान्यात नीट बघूनच भरतात."

"व्हय," मी म्हणाले. "मीच भरती तितं."