गराजमागचं झाड

माझ्या घरासमोरचं झाड काढून टाकावं, असं आमच्या एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या कमिटीचं पत्र आलं आहे. झाडाची साल पट्ट्यापट्ट्यांनी सुटते, ते रोगट दिसतं, असं त्यात लिहिलंय. झाड रोगट नाही. ही सेव्हन-सन फ्लॉवरची जात, तिची साल अशीच सुटते. ते मी काढणार नाही. का, ते सांगायचं तर मला माझी लाज सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी आई नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, नोव्हाला म्हणजे उत्तर व्हर्जिनियाला, आली होती. सप्टेंबरात तिला नर्सरीत नेलं. बाकी सगळं सुकत आलेलं, आणि कोपऱ्यात हे कमरेएवढं रोप पांढऱ्या कळ्यांनी भरलेलं. एकेका झुबक्यात सात कळ्या. आईनं वाकून वास घेतला.

"हेच घे. सगळ्यांचं झाल्यावर फुलते बिचारं. पौर्णिमेच्या वंदनेला फुलं होतील."

तिला ते पुढच्या खिडकीसमोर हवं होतं. खाली बुद्धाची छोटी मूर्ती ठेवायची होती.

त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंकडे पॉटलक होतं, प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचा असं जेवण. काकू प्रत्येक नव्या माणसाला विचारतात तसं त्यांनी आईला विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं हो?"

आई तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "तुळजापूरची देवी."

आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात देव नाहीत. घरी चालत येताना आई म्हणाली, "का रे, एवढ्या घाईत देवी कुठं सापडली तुला?" मी हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी झाड गराजमागे लावलं. पुढे लावायला कमिटी परवानगी देत नाही, असं तिला सांगितलं. मी कमिटीला विचारलंच नव्हतं. एक फॉर्म भरायचा होता, बस. ती वंदनेला बसली की मी पडदेही ओढून घ्यायचो. ऊन येतं म्हणायचो. बाहेर पाऊस पडत असला तरी.

गराजमागे मात्र ऊन नव्हतं. झाड वाढलं, फुललं नाही. दर सप्टेंबरला आई फोनवर विचारायची, "आली का रे फुलं?" दोन वर्षं मी "अजून लहान आहे" म्हणालो. तिसऱ्या वर्षी "आली" म्हणालो.

"फोटो पाठव."

मी इंटरनेटवरचा पाठवला. ती गेली तेव्हा तिच्या मोबाइलच्या स्क्रीनवर तोच फोटो होता.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, पानं फुटायच्या आत, मी तो फॉर्म भरला. परवानगी चार दिवसांत आली. मग दोन दिवस खणून झाड मुळांसकट पुढे आणलं. पहिला उन्हाळा ते रुसल्यासारखंच होतं. यंदा ऑगस्टमध्ये कळ्या धरल्या आणि पाठोपाठ हे पत्र आलं.

काकू कमिटीवर आहेत. समजूत घालायला त्याच आल्या.

"कशाला वाद वाढवतोस यार? मागे हलव ना परत. इतकी वर्षं होतंच की तिथे."

"तेच तर, काकू."

"म्हणजे?"

"आमचं कुलदैवत नाही. आम्ही बौद्ध आहोत. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि आईसमोर बोललो. हे झाड तिचं आहे."

काकू म्हणाल्या, "अगदी वाटत नाही हं!" आणि लगेच, "अरे, मग सांगायचं ना तेव्हाच. आम्ही असलं काही मानत नाही."

"मानत नाही, तर विचारता कशाला?"

माझा आवाज चढला होता. मी तो चढू दिला.

"बरं, बघते मी कमिटीत," त्या उठत म्हणाल्या.

"तुम्ही नका बघू. मीटिंगला मी येतोय."

मीटिंग पुढच्या मंगळवारी आहे. आज पौर्णिमा. सकाळी एक झुबका कापून ताटलीत ठेवला आणि पडदा पूर्ण उघडा ठेवून वंदनेला बसलो. शब्द दोनदा अडखळले. आई असती तर तिनं पुढचा शब्द दिला असता. फुलांचा वास खरंच तिनं वाकून घेतला होता तसाच आहे, आणि हे तिला कळवायला उशीर झाला, तो माझ्यामुळे.

उठल्यावर तिची छोटी मूर्ती नेऊन झाडाखाली ठेवली, रस्त्याकडे तोंड करून. मूर्तीसाठी वेगळा फॉर्म लागतो का, हे मी विचारलेलं नाही.