साखर-मिठाचं पाणी

शाळेत चक्कर आलेल्या मुलीसाठी ओआरएसचं पाकीट फोडलं आणि ते पाण्यात ढवळताना मेडशीतलं आमचं घर आठवलं. धाकटी बहीण जुलाबांनी गळून गेली होती. काकूची लेक असल्याच दुखण्यात गेलेली. काकू आईला म्हणाली, "पानी नको देऊ तिले, पोट आनखी सुटते." आई मात्र नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत राहिली. संध्याकाळी बहिणीनं डोळे उघडले.

आता मी वर्गात शिकवतो, की साखरेसोबत मीठ आतड्याच्या पेशीत शिरतं आणि त्यांच्यामागून पाणी. त्या दुखण्यात नुसतं पाणी नीट शोषलं जात नाही, बरंचसं तसंच बाहेर पडतं. काकूचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

त्या संध्याकाळी रिकाम्या वाटीकडे पाहत ती एवढंच म्हणाली, "माह्या पोरीले म्या थेंबभर पानी देलं नोतं."