गयाकाकूची पॅरलल लाइन

गयाकाकू आणि तिच्या लेकीच्या बोलण्यात मी वर्षभर मधे बसून होते.

आज काकूचं वर्षश्राद्ध झालं. बाळापूरहून, आमच्या जुन्या गावाहून, परत आले आणि हे लिहायला घेतलं. रेखाला विचारून लिहितेय.

काकू म्हणजे आमची शेजारीण. मधे एक भिंत, पलीकडं तिचं दोन खोल्यांचं घर आणि दोन शेळ्या. काका लवकर गेले. रेखा एकुलती एक लेक, माझ्याच वर्गातली.

नव्वदच्या दशकात गल्लीत फोन फक्त आमच्याकडं. काकूच्या नातेवाइकांकडं आमचाच नंबर असायचा, पुढं पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, असं लिहिलेला.

रेखाला वाशिमकडं दिली, तेव्हा बाबांनी आमच्या फोनच्या डबीतून एक वायर काढली, खिडकीतून भिंतीवर नेली आणि काकूच्या घरात जुना फोन लावून दिला. पॅरलल लाइन. नियमात बसत नव्हतं, पण घरोघरी चालायचं.

फोन दोन्हीकडं वाजायचा. दुपारचा फोन आम्ही उचलत नसू. तो रेखाचा.

तिला सासरी धड नव्हतं. भाजीला म्हणून बाहेर पडायची आणि एसटीडी बूथवरून फोन करायची. काकू दार लोटून घ्यायची आणि बोलत बसायची.

काय बोलायच्या, आम्हाला कधी कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

मग ब्रॉडबँड आला.

मी तेव्हा घरून टायपिंग करायचे, नांदेडच्या एका प्रेससाठी. संध्याकाळच्या आत फाइल गेली पाहिजे. माझं पहिलं स्वतःचं काम.

आणि नेट मधेच तुटायचं. फाइल अर्ध्यात अडकायची.

मी कॉर्ड बदलून पाहिली. डबी उघडून हिरवी पडलेली तार पॉलिश पेपरनं घासली. काही फरक नाही. शेवटी लक्षात आलं, नेट जास्त करून दुपारीच तुटतंय.

खिडकीतून हाक मारली. "काकू, जरा फोन उचल गं."

"कोणाचा हाय?"

"कोणाचा नाही. नुसता उचल."

"उचलला बाई. आता काय, याच्यासंगं बोलू?"

मोडेमचा दिवा विझला.

"ठेव."

थोड्या वेळानं दिवा परत लागला. पुन्हा उचलायला लावला. पुन्हा विझला.

मग काकू म्हणाली, "काहून गं? माझ्याच फोनचं हाय का?"

मी म्हणाले, "बघते."

नाही म्हणाले नाही.

ती हात पुसत आमच्याकडं आली. उघड्या डबीसमोर उभी राहिली. "यातली माझी कोणती?"

मी बोट दाखवलं.

टेस्टर तिनंच मागितला. मी दिला. दोन स्क्रू सैल करून तिनं आपली वायर बाहेर ओढली आणि म्हणाली, "घे. तुझं काम व्हायला पाहिजे. मला काय, दोन पावलावर तर हाय."

त्या दिवशी फाइल पहिल्या झटक्यात गेली. मला आनंद झाला होता. हेही लिहायला हवं.

पुढं रेखाचा फोन आला की मी खिडकीतून हाक मारायचे. काकू शेळ्यांपाशी, नाहीतर नळावर. तिकडं बूथचं मीटर पळायचं. काकू धापा टाकत यायची, आणि कितीदा तरी तोवर फोन कटलेला असायचा.

लागला, तर माझ्या खुर्चीशेजारी उभी राहून बोलायची.

"व्हय. बरी हाय मी. जेवलीस का? बरं, ठेव आता, पैसे पडून राहिले तुझे."

मी स्क्रीनकडं बघत टाइप करत राहायचे. मला वाटायचं, मी ऐकत नाही एवढं पुरे आहे.

उठून आत जायला काय लागत होतं?

नेटच्या वायरवर एक छोटी डबी असते, स्प्लिटर. फोन वेगळा, नेट वेगळं करते ती. काकूची वायर स्प्लिटरच्या अलीकडं जोडलेली होती. पलीकडं, फोनच्या बाजूला जोडली असती, तर दोन्ही चाललं असतं. डबीवरच छापलेलं होतं: लाइन, फोन, मोडेम. मी ते वाचलं घर बदलताना, सामान बांधताना. तोवर काकूनं तो फोन कुणाला तरी देऊन टाकला होता.

रेखा नंतर सासर सोडून कायमची परत आली. आता स्वतःचं शिलाईचं दुकान चालवते.

आज जेवणं झाल्यावर मागच्या अंगणात आम्ही दोघीच होतो. ती सहज म्हणाली, "सासरच्या शेवटच्या वर्षी आई मला फोनवर काही विचारायचीच नाही बघ. जेवलीस का, एवढंच. मला वाटलं, तिलापण मी नकोशी झाले. म्हणून सासर सोडून यायला इतका उशीर केला."

मी तिला सगळं सांगितलं. डबी, वायर, माझी खुर्ची.

"आई विचारत नव्हती, कारण मी तिथं बसले होते, रेखा."

ती म्हणाली, "फोन ठेवल्यावर काय करायची?"

"फोनवर हात ठेवून थोडी उभी राहायची. मग मला विचारायची, तुझं काम अडलं न्हाई ना गं माझ्यामुळं?"

"आणि तू?"

"नाही म्हणायचे."

मी निघताना रेखा म्हणाली, "लिही हे. आईबद्दल लोकांना कळू दे."

काकू, त्या वर्षी तुला लेक नकोशी झाली नव्हती, हे तिला आज कळलं. फार उशिरा कळलं, आणि तो उशीर माझा.

तुला वाकून नमस्कार.